आपण की आम्ही

डेनीस कोलक्लो म्हणते, ‘वी’.
स्टोकमध्ये, बर्स्लेमच्या कारखान्यात,
कालव्याकडच्या खिडकीखाली,
सोमवारी सव्वासातला, हातात चहा, बुटांवर पांढरी धूळ:
शुक्रवारपर्यंत ‘वी’ला सहाशे बश्या काढायच्यात.

माझ्या भाषेत या शब्दाला दोन दारं आहेत.
आम्ही म्हटलं, तर तू बाहेर.
आपण म्हटलं, तर ये, आत बस.
शिवाय एक चोरदार:
‘आपण जरा बाहेर थांबावं’,
यातलं आपण म्हणजे फक्त तुम्ही.
इंग्रजीत एकच दार, आणि तेही काचेचं.
सात वर्षं मी कपाळ चोळते आहे.

‘तुझं तू ठरव,’ ती म्हणते,
‘फक्त ठरवण्याआधी मला विचार.’
हे ती लबाडीनं म्हणत नाही, आधीच सांगते.
वाढदिवसाला केक आणते, माझं नाव नीट उच्चारते,
आई गेली तेव्हा माझ्या चार शिफ्ट तिनं स्वतः केल्या.
वाईट माणसाच्या हाताखाली सोपं असतं,
घरी येऊन शिव्या घालता येतात.
चांगल्या माणसाच्या मुठीत
आपण ऊब मोजत बसतो, बोटं नाही.

मार्चमधली ती रात्र. दोन नंबरची भट्टी.
आकडा हजार वीसवर अडकलेला, हलेना,
आणि झरोक्यातला रंग मात्र
पिकल्या पपईकडून लिंबाच्या सालीकडे सरकत चाललेला.
आकडा डेनीसचा. रंग माझा.
फोन लावला. उचलला नाही.
पुन्हा. पुन्हा.
पाचव्यांदा लावताना लक्षात आलं,
मी भट्टीचं विचारतच नव्हते,
चुकलं तर कुणाचं चुकलं म्हणायचं, ते विचारत होते.

गॅस बंद केला.
केवढासा आवाज. टक.

दोन दिवसांनी दार उघडलं तर कपाकपावर
पाण्यासारखी नितळ झिलई.
भट्टी जमली म्हणतात, ती अशी.
डेनीसनं पाठ थोपटली. म्हणाली,
‘वी’ थोडक्यात वाचलो.
पण पुढच्या वेळी फोन कर.

आता मी सुपरवायझर.
किल्ली कमरेच्या पट्ट्याला, चालताना मांडीवर आपटते,
आणि खोटं कशाला बोलू, तो आवाज मला आवडतो.
कीरन नावाचा पोरगा आलाय, टन्स्टॉलचा, एकोणीस वर्षांचा.
खिडकी उघडू का, विचारतो.
रेडिओ बारीक करू का. झाडू इथं ठेवू का.
पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, अरे, विचारतोस काय!
दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, हं, उघड.
तिसऱ्या आठवड्यात त्यानं न विचारता खिडकी उघडली
आणि माझ्या आत काहीतरी बंद झालं.
टक.

काल त्यानं भट्टीच उघडली. घाईनं, अजून दोनशे अंश असताना.
गार हवा आत शिरली आणि बश्या बोलायला लागल्या,
एक इथून, एक तिथून, किण्ण,
तडा जाताना माती फार गोड वाजते.
तो तसाच उभा, हातमोजे घातलेले, कान लालबुंद.
‘मला का नाही विचारलंस’ हे वाक्य
माझ्या दातांमागे तयार होतं,
शब्दन् शब्द डेनीसचा, फक्त आवाज माझा.
गिळलं. तुकडे वेचायला वाकले.

डेनीस आली. काय झालं?

मी म्हटलं, ‘वी’नं जरा घाई केली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.
कीरननं मान वर केली
आणि लगेच खाली घातली,
त्यालाही कळलं नसावं
मी त्याला आत घेतलं
की त्याची चूकसुद्धा माझ्या ताब्यात घेतली.

घरी येताना कालव्याकाठी दोन्ही शब्द म्हणून पाहिले,
आधी मनात, मग बदकांना ऐकू जाईल इतके मोठ्यानं.
ठेवून यायची विसरलेली किल्ली
पावलागणिक वाजत होती.